आयर्न आणि आयझेन एकाच भट्टीतले का?

ओतकामवाला, उद्यमबाग

नमस्कार मंडळी. मी भाषेतला माणूस नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एकतीस वर्षं काढली. मोल्डर म्हणून लागलो, आता शॉप बघतो. प्रश्न शब्दाचा आहे, पण तो मला का पडला ते आधी सांगतो, नाहीतर खुळा म्हणाल.

दीडेक वर्षामागं एक ऑर्डर आली. ड्रॉइंग जर्मन. मटेरियलच्या चौकटीत 'ईएन-जीजे' (बिडाची जात सांगणारा युरोपी कोड) इतकंच नीट दिसत होतं, पुढचं अक्षर झेरॉक्समध्ये फासलेलं, आणि आकडे कागदाच्या कडेला कापले गेलेले. त्या पार्टीची आधीची सगळी कामं ग्रेची, म्हणजे साध्या बिडाची, म्हणून मी पुढचं अक्षर एल धरलं. विचारायला एक फोन लागला असता. तो केला नाही. बावीस कास्टिंग ओतली, फेटलिंग म्हणजे घासून साफसफाई झाली, रंग झाला. पार्टीचा माणूस तपासायला आला, त्यानं खिशातनं वीतभर हातोडी काढली आणि पहिल्याच कास्टिंगवर टक्‌ करून मारली. आवाज बद्द. दुसऱ्यावर मारली, बद्द. तिसऱ्यावर त्यानं मारलीच नाही, नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं. ते एल नव्हतं, एस होतं. त्यांना एसजी, म्हणजे गोळीच्या ग्रॅफाइटचं बीड, पाहिजे होतं आणि आम्ही ग्रे ओतलं होतं. एसजी घंटेसारखं खणकतं, ग्रे मडक्यासारखं बोलतं, हे मी पोरांना रोज शिकवतो. बावीसच्या बावीस परत भट्टीत गेली.

तेव्हापासून मी ड्रॉइंगवरचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचतो. परवा आमच्याकडचा डिप्लोमावाला पोरगा म्हणाला, "मामा, जी म्हणजे गुस, म्हणजे ओतीव. एल म्हणजे लॅमेलर, एस म्हणजे गोळीचं ग्रॅफाइट. मग मधला जे कशाचा?" मला येईना. त्यानंच मोबाईलवर बघून सांगितलं की स्वीडनमध्ये लोखंडाला 'येर्न' म्हणतात आणि ते जे नं लिहितात, तोच हा जे. खरं असंल का?

त्याच नादात कळलं की जर्मन लोक आपल्या बिडाला 'गुसआयझेन' म्हणतात. आयझेन म्हणजे लोखंड. इंग्रजी आयर्न आणि हे आयझेन सख्खे भाऊ दिसतात, इथवर माझी अक्कल चालते. पण एका व्हिडिओत एक गोरा सांगत होता की हा शब्द दोघांचाही नव्हे, केल्ट नावाच्या लोकांकडून उचललेला आहे. आता दोन-अडीच हजार वर्षांमागं कुणी कुणाकडून शब्द उचलला, हे कळतं कसं? आमच्या शॉपमध्ये एकाच बॉक्समधल्या मालाला मराठी गडी बीड म्हणतात, कन्नड गडी कब्बिण म्हणतात आणि ऑफिसवाले सीआय, म्हणजे कास्ट आयर्न, म्हणतात. उद्या हजार वर्षांनी कुणी उकरलं तर कुणाचा कुठला, हे त्याला कसं कळणार?

---

निवृत्त मास्तर, शहापूर

ओतकामवाले, प्रश्न उत्तम, पण उत्तरासाठी युरोपात कशाला जायचं? संस्कृतात लोखंडाला अयस्. लोहचुंबकाला अयस्कान्त. आता 'अयस्' आणि 'आयझेन' एकापाठोपाठ एक मोठ्यानं म्हणून बघा. मी तेहतीस वर्षं संस्कृत शिकवलं, वर्गात फळ्यावर हे दोन शब्द शेजारीशेजारी लिहायचो आणि पोरांचे डोळे चमकायचे. केल्ट वगैरे मधले दलाल आहेत.

---

खानापूरची लेक, सध्या लिमरिक

दादा, मी खानापूरची, इथं आयर्लंडमध्ये नर्स आहे. सहा वर्षं झाली. व्युत्पत्तीतलं मला काही कळत नाही, पण तुमचा केल्टिक शब्द मी ड्युटीला जाताना रोज वाचते म्हणून लिहिते.

आयरिश ही केल्टिक भाषा. इथं रस्त्यावरच्या पाट्यांवर वर आयरिश आणि खाली इंग्रजी असतं. (आपल्याकडच्या पाट्यांचा विषय काढत नाही, धागा भलतीकडं जाईल.) तर इथल्या रेल्वेचं नाव 'ईअर्नरोड एरन'. पहिले काही महिने मी ते नुसतं चित्र बघावं तसं बघायचे. मग एका पेशंट आजींनी सांगितलं की ईअर्न म्हणजे लोखंड आणि रोड म्हणजे रोडच. लोखंडाचा रस्ता. मी त्यांना म्हटलं, आमच्या मराठीतपण लोहमार्गच म्हणतात. त्या इतक्या हसल्या की बीपी परत घ्यावं लागलं.

आता गंमत बघा. सुटं लोखंड म्हणायचं तर आयरिशमध्ये 'ईअरन'. ऐकायला आयर्नच्या इतकं जवळ की मला वाटलं, यांनी इंग्रजांकडूनच घेतलं असणार, एवढी शतकं राज्य होतं म्हटल्यावर. आजींना तसं म्हटलं तर त्या चिडल्या. म्हणाल्या, रोड त्यांचा, ईअर्न आमचा.

---

चिकोडीची, धारवाडला असते

आजी बरोबर बोलल्या. मी भाषाशास्त्र शिकवते, त्यामुळं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी मास्तर सरांचं. सर, तुमचा फळा पुसायचं धाडस करते, रागावू नका. आज आयर्न आणि आयझेन या दोन्हीत सुरुवातीला 'आय' ऐकू येतं, पण तो 'आय' अलीकडचा आहे. हजार वर्षांमागं जर्मनीत हा शब्द 'ईसर्न' असा होता आणि इंग्लंडात 'ईसेर्न'. सुरुवातीला लांब ई. पुढं दोन्ही भाषांत, आपापल्या वाटेनं, लांब ईचा आय झाला. जर्मन 'वाईन' पूर्वी 'वीन' होता, 'माईन' पूर्वी 'मीन' होता, त्याच रांगेतला हा. म्हणजे आपण तीन हजार वर्षांपूर्वीचं अयस् काल-परवाच्या आयझेनशेजारी उभं करतो आणि चेहरा जुळला म्हणतो. ईसर्नशेजारी उभं करा, जुळत नाही.

अयस्‌ला युरोपात खरे भाऊबंद आहेत, ते वेगळेच. लॅटिनमध्ये 'आएस', गॉथिक या जर्मनच्या जुन्या नातलग भाषेत 'आइझ', जुन्या इंग्रजीत 'आर'. आणि या सगळ्यांचा अर्थ तांबं, कासं, पितळ या बाजूचा. ऋग्वेदातलं अयस् सुद्धा सरसकट लोखंड नव्हे. पुढं अथर्ववेदात काळं अयस् म्हणजे 'श्याम' असं वेगळं सांगावं लागलं, तेव्हा लोखंड आलं. लोह शब्दाचंही तेच. मूळ अर्थ तांबडा, लोहित मधला. आधी तांबं, मग कुठलाही धातू, मग लोखंड.

यातच ओतकामवाल्यांच्या प्रश्नाचा निम्मा जीव आहे. लोखंड या सगळ्या भाषा एकमेकींपासून लांब गेल्यानंतर आलं. म्हणून प्रत्येक घरानं आपापलं नाव शोधलं. लॅटिनचं 'फेर्रुम', ग्रीकांचं 'सिदेरोस', यांचा एकमेकांशी संबंध नाही. फक्त दोन घरांत एकच नाव सापडतं, केल्टिक आणि जर्मनिक (जर्मन, इंग्रजी, डच यांचं घर). गॉलमधल्या, म्हणजे जुन्या फ्रान्सच्या बाजूच्या, केल्टांचं 'इसार्नो', जुनं आयरिश 'ईअर्न', वेल्श 'हायर्न', ब्रेटन 'हुआर्न'. आणि इकडं गॉथिक 'ईसर्न', डच 'आयझर', जर्मन आयझेन, इंग्रजी आयर्न. फ्रान्समध्ये इझेर्नोर नावाचं गाव आहे, जुनं नाव 'इसार्नोदुरुम'. लोखंडी दरवाजा. एका जुन्या लॅटिन संतचरित्रात तो अर्थ सरळ सांगून ठेवलाय.

मग दोघांत घेणारा कोण आणि देणारा कोण? बहुतेक अभ्यासक केल्टांकडं बोट दाखवतात. एक कारण मातीतलं. ऑस्ट्रियात हालश्टाट नावाचं मिठाच्या खाणीचं गाव आहे. तिथल्या थडग्यांत इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून लोखंडी तलवारी सापडतात. तो पट्टा केल्टांच्या पूर्वजांचा मानतात. उत्तरेकडं, जिथं जर्मनिक बोलणारे होते, तिथं लोखंड नंतर रुळलं. माल ज्याच्याकडून येतो, त्याचं नावही मालासोबत येतं. आपल्याकडं पोर्तुगीजांची चावी आली तशी.

दुसरं कारण मला जास्त आवडतं, कारण ते चोर पकडल्यासारखं आहे. जर्मन 'राइश' म्हणजे राज्य, इंग्रजी 'रिच' त्याचाच. आपला राजा आणि लॅटिनचा 'रेक्स' याच कुळातले. या कुळात मूळ स्वर लांब ए होता. केल्टांना त्या ए ची ई करायची खोड, म्हणून त्यांचा राजा 'रीक्स'. जर्मनिकला ही खोड नाही. त्यांच्या घरचा शब्द असता तर त्यात ई आलीच नसती. पण राइशच्या जुन्या रूपात आहे ई, आयझेनसारखी तिचीही पुढं आय झाली! म्हणजे हा शब्द केल्टांच्या दारातूनच आत आलाय, कपड्यावर त्यांच्याच अंगणातली माती घेऊन. आणि तो जर्मनिकमध्ये ग चा क व्हायच्या आधी आला, कारण तो बदल त्याच्याही अंगावर दिसतो. एवढं जुनं देणंघेणं सिद्ध झालं की शेजारच्या लोखंडावरचा संशयही पक्का होतो.

तिसरा शब्द तर तुम्हाला आवडेलच. केल्टांच्या सरदारांभोवती वावरणाऱ्या हाताखालच्या माणसांना रोमन सेनापती सीझरनं 'अंबाक्ती' म्हटलंय. हरकाम्या म्हणा. तोही जर्मनिकमध्ये गेला आणि झिजून झिजून जर्मनमध्ये 'आम्ट' झाला. अर्थ, सरकारी कचेरी.

खुद्द इसार्नोचा अर्थ काय, यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, बळकट, जोरकस या अर्थाचं मूळ, संस्कृत 'इषिर' त्यातलंच. दुसरा म्हणतो, रक्त. संस्कृत 'असृक्' त्या कुळातलं. गंजाचा, खनिजाचा तांबडा रंग. लिमरिकच्या ताई, तुम्ही हिमोग्लोबिन कमी आलं की आयर्नच्या गोळ्या देता, तेव्हा दुसरा तट आठवा. मी स्वतः पहिल्या तटाकडं झुकते, पण वर्गात दुसरा सांगितला की पोरं जागी होतात.

आणि जे चं उत्तर साधं आहे. तो आयच आहे, आयर्नचा. आय आणि एक आकडा सारखे दिसतात म्हणून मानकवाल्यांनी जे घेतला. पोराला सांगा, स्वीडनला जायची गरज नाही.

---

निवृत्त मास्तर, शहापूर

वाचलं. दोनदा वाचलं. अयस्‌ला भाऊबंद आहेत ना, मग झालं. तेहतीस वर्षांच्या पोरांना आता कुठं शोधू!

---

ओतकामवाला, उद्यमबाग

ताई, तुमचं उत्तर मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवलं. 'हरकाम्या म्हणजे कचेरी' ला सगळ्यात जास्त दाद आली. एका उताऱ्यासाठी चार हेलपाटे घातलेले गडी होते त्यात.

एक माझ्याकडून. त्या केल्टांनी लोखंड ओतलं नसणार, ठोकलं असणार. शुद्ध लोखंड वितळायला दीड हजार अंशांच्या वर उष्णता लागते, पंधराशे अडतीस. भात्यावरच्या कोळशाच्या भट्टीत ते पाणी होत नाही. मळीनं भरलेला स्पंजासारखा गोळा निघतो, तो घणाखाली घालायचा, मळी पिळून काढायची, परत तापवायचा, परत ठोकायचा. आमचं बीड साडेअकराशे-बाराशेला पाणी होतं, कारण त्यात कार्बन भरलेला असतो. म्हणजे ताईंचं इसार्नो आणि आमच्या ड्रॉइंगवरचं गुसआयझेन, नाव तेच पण वस्तू बघितली तर त्यांच्या लोहारानं ओळखली नसती. आमचं बीड घणाखाली ठेवलं तर फुटतं. त्यानं शिवीच दिली असती.

आता माझं एक डोकं. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड. दूध उतू गेलं की ओरडतात, "हालु उक्कितु!" आणि कन्नडमध्ये पोलादालापण उक्कुच म्हणतात. आमच्याकडं एकदा मेटलर्जीचे एक सर बोलायला आले होते, ते म्हणाले की इंग्रजांनी दक्षिणेतलं मुशीतलं पोलाद नेलं, त्याला ते 'वूट्झ' म्हणायचे आणि तो शब्द या उक्कुवरनंच. तर मुशीत पोलाद दुधासारखं उसळतं, म्हणून उक्कु. बसतंय का?

---

गोकाकचा, दुकानदार

नमस्कार री मामा. माझं मराठी दुकानातलं, चुकलं तर दुरुस्त करून वाचा.

तुमचं दूधवालं मस्त हाय, पण नाही बसत. मी एमए कन्नड केलंय, आता हार्डवेअर विकतो, म्हणून दोन्हीकडनं सांगतो. दूध उतू जायचा उक्कु वेगळा. पोलादाचा उक्कु पूर्वी 'उर्कु' होता. तमिळमध्ये तो 'उरुक्कु', आणि 'उरुक' म्हणजे वितळणं. र पडला आणि दोन्ही उक्कु सारखे दिसायला लागले. मास्तरांच्या अयस्-आयझेनसारखंच झालं बघा, तोंडं जुळली, घरं वेगळी. पण तुम्ही अर्थाच्या जवळ होता. मुशीत वितळवलेलं, म्हणूनच ते नाव.

खरा माल कब्बिणमध्ये हाय. जुन्या कन्नडमध्ये 'कर्बुन'. 'कर' म्हणजे काळं, 'पोन्' म्हणजे धातू, सोनं. काळं सोनं. आता हा पोन् सुटा राहिला तिथं कन्नडनं प चा ह केला. तमिळचं पाल आमचं हालु, पू आमचं हूवु, तसं पोन् चं होन्नु झालं. आणि होन्नु तुम्हाला नवीन नाही री. शिवाजी महाराजांचा होन तोच! कब्बिणमध्ये पोन् दुसऱ्या शब्दाच्या पाठीमागं लपला, म्हणून ह व्हायचा वाचला, ब होऊन राहिला. म्हणजे तुम्ही दिवसभर भट्टीत काळा होन वितळवता.

---

चिकोडीची, धारवाडला असते

गोकाकचे अण्णा, हे फार सुंदर लिहिलंत. श्याम अयस् आणि कर-पोन्, दोघांनीही आधी ओळखीचा धातू घेतला आणि त्याला काळा म्हटलं. इंग्रजीतसुद्धा लोखंडाचा लोहार 'ब्लॅकस्मिथ', काळ्या धातूचा.

प चा ह झाला त्यावरून वेल्श हायर्न सांगायचं राहिलं. त्यात सुरुवातीला ह कुठून आला? इसार्नोमधल्या स चा. वेल्शमध्ये दोन स्वरांमधला स हलका होऊन ह झाला आणि पुढं उडी मारून शब्दाच्या तोंडाशी जाऊन बसला. आयरिशनं तर तो स गिळूनच टाकला, म्हणून ईअर्न. लिमरिकच्या आजी त्यामुळंच चिडल्या असणार. ईअर्नमध्ये स पडलाय तो त्यांच्या नेहमीच्या रीतीनं, उसनं आणलेल्या शब्दासारखा नव्हे.

आणि वूट्झचं तुमच्या सरांनी बरोबर सांगितलं. मुंबईतून हेलेनस स्कॉट यानं नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडं पाठवले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सननं रॉयल सोसायटी या तिथल्या विज्ञानसंस्थेपुढं त्यावर निबंध वाचला. तिथून हा शब्द इंग्रजी छापात रुळला. पुढं शास्त्रज्ञ फॅरडेनंही या पोलादावर प्रयोग केले, विजेच्या भानगडीत पूर्ण अडकायच्या आधी. म्हणजे केल्टांनी जर्मनिकांना दिलं तसं कन्नडनं इंग्रजीला दिलं. फक्त उक्कुचं वूट्झ करताना कुणाच्या तरी हस्ताक्षरानं घोळ घातला, असं मानतात.

---

ओतकामवाला, उद्यमबाग

हस्ताक्षरानं घोळ! ताई, हे वाचून माझी बावीस कास्टिंग जरा हलकी झाली. त्या वाचणाऱ्यानंपण एक पत्र टाकून विचारलं नसणार.

गोकाकच्या अण्णांचा काळा होन आज शॉपमध्ये फिरला. आमचा लेडलवाला (वितळलेला रस ओतायचं भांडं सांभाळणारा) यल्लाप्पा पस्तीस वर्षं कब्बिण म्हणतोय, त्याला सांगितलं की त्यात सोनं आहे. तो म्हणाला, "मग पगारात का दिसत नाही री?"

दुपारी एसजीची हीट, म्हणजे भट्टीची एक खेप, होती. पोराला लेडलपाशी उभा केला, काचेतनं बघायला लावलं. मॅग्नेशियम पडल्यावर पांढरा झोत उठला, छतापर्यंत उजेड. बॉक्स, म्हणजे वाळूचा साचा, फोडल्यावर पहिलं कास्टिंग निवेस्तोवर तो तिथंच बसून राहिला, मग माझी हातोडी मागून घेतली आणि मारली. खणकलं. दारातल्या फळ्यावर त्यानं खडूनं लिहून ठेवलंय, 'जे म्हणजे आयच. एल की एस, फोन करून विचारा.' खाली माझा नंबर टाकलाय, तो मात्र पुसायला लावला.